कानाच्या रेटिंगवर डोळ्यांचा चष्मा

ताई, नमस्कार.

मी मूळचा सातारा तालुक्यातला. वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. मी लग्नानंतर अमेरिकेत आलो आणि ग्रीन कार्डावरच २००५ साली इथल्या आर्मीत भरती झालो. कामाला ट्रकवर होतो. २००७ साल इराकमध्ये काढलं, २०१२ ला बाहेर पडलो. आता टेक्सासमध्ये ट्रकच चालवतो. कानात सतत रातकिडे ओरडल्यासारखा आवाज येतो. त्याचं व्हीएने, म्हणजे इथल्या माजी सैनिक खात्याने, १० टक्के रेटिंग (नोकरीमुळे आलेल्या अपंगत्वाची टक्केवारी) दिलंय आणि त्याचे पैसे दरमहा खात्यात जमा होतात. त्यापलीकडे व्हीएशी माझा काही संबंध नाही.

वय ४६. दोन वर्षांपासून जवळचं दिसत नाही, आणि आता रात्री लांबच्या पाट्याही पुसट दिसतात. औषधाच्या दुकानातला दीड नंबरचा तयार चष्मा लावतो, पण अर्ध्या तासात डोकं ठणकायला लागतं. उन्हाचाही त्रास होतो, पण तो इराकपासूनचाच आहे. तिथे एकदा आमच्या पुढच्या गाडीखाली स्फोट झाला होता, तेव्हा काही दिवस डोकं जड होतं. मी कुणाला बोललो नाही. दुकानात चांगल्या प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेत लांबचं, मधलं आणि जवळचं दिसणाऱ्या चष्म्याचे ४०० डॉलरच्या वर सांगितले. ट्रक चालवायला लागणारं माझं मेडिकल कार्ड तीन महिन्यांनी संपतंय.

युनिटमधला एक मित्र व्हीएत चष्मा मागायला गेला होता. त्याच्या गुडघ्याचं ० टक्के रेटिंग आहे. त्याला नाही म्हणाले. म्हणजे डोळ्यांचं रेटिंग असल्याशिवाय चष्मा मिळत नसणार. आणि खरं सांगायचं तर मागायलाही बरं वाटत नाही. ज्यांचे हातपाय गेले त्यांच्यासाठी ती सोय आहे. मला तर नुसती चाळिशी लागलीय. मी काय करावं? आणि वडील दिवाळीनंतर सहा महिने इकडे येतायत, त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. तेही फौजीच आहेत, त्यांचं माझ्या व्हीएमधून काही होईल का? बायकोचा चष्मा?

— एक माजी सैनिक, टेक्सास

*

भाऊ, नमस्कार.

तुम्हाला चष्मा मिळतो. आधी एवढंच नीट वाचा, मग पुढचं. तुमच्या कानाला १० टक्के रेटिंग आहे, आणि त्याच रेटिंगवर तुम्हाला व्हीएकडून डोळ्यांचा चष्मा मिळू शकतो. डोळ्यांचं वेगळं रेटिंग लागत नाही.

हे वाचून तुम्हाला चुकीचं वाटेल, कारण बहुतेकांना ते तसंच वाटतं. मलाही वाटायचं. मी २२ वर्षं इथल्या एका चष्म्याच्या दुकानात काम केलं. फ्रेम बसवणं, दोन बुबुळांमधलं अंतर मोजणं, काचा घासून आल्या की नंबर तपासणं, हे माझं रोजचं काम. आमच्याकडे एक आजोबा यायचे, डोक्याला व्हिएतनामची टोपी. त्यांच्या चष्म्याची एक काडी बिजागरीपाशी तुटलेली होती आणि तिला जखमेवर लावतात ती पट्टी गुंडाळलेली होती. ती पट्टी घामाने मळून काळी झाली होती, तरी ते दर काही दिवसांनी नवीन पट्टी लावून तोच चष्मा वापरायचे. मी एकदा विचारलं, व्हीएमध्ये का जात नाही? ते म्हणाले, माझं दुखणं कानाचं आहे, डोळ्यांचं नाही. मी मान डोलावली. मला ते पटलं होतं. त्यांनी पुढे दोन चष्मे आमच्या दुकानातून स्वतःच्या पैशाने घेतले, आणि दोन्ही मीच बनवून दिले. नियम मला पुष्कळ उशिरा कळला. तोवर ते गावच सोडून गेले होते. तुमचं पत्र आलं तेव्हा पहिल्यांदा मला ती पट्टी आठवली. म्हणून इतकं सविस्तर लिहिते आहे.

अमेरिकेत माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेची आताची रचना १९९६ च्या कायद्याने झाली. त्यातून चष्मा आणि कानाच्या यंत्राबद्दल एक नियम निघाला. त्याचा क्रमांक ३८ सीएफआर १७.१४९ (सीएफआर म्हणजे अमेरिकी सरकारच्या नियमांचा संग्रह). हा आकडा एका कागदावर लिहून पाकिटात ठेवा, लागेल. हा नियम आधी एक दार बंद करतो: वयानुसार सगळ्यांची नजर जशी मंदावते, तेवढ्याच कारणासाठी व्हीए सरसकट सगळ्या माजी सैनिकांना चष्मा देत नाही. मग तो काही दारं उघडतो, आणि त्यातलं पहिलंच दार तुमचं आहे. नोकरीमुळे झालेलं दुखणं आणि त्याची दरमहा भरपाई मिळत असेल, तर त्या माणसाला गरजेचा चष्मा व्हीए देते. ते दुखणं शरीराच्या कुठल्या भागाचं असावं, यावर नियमात अट नाही. पाठ असो, गुडघा असो, मन असो, कान असो. कानातला तो आवाज, टिनिटस, हे तर माजी सैनिकांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारं सेवाजन्य दुखणं आहे. तोफा, इंजिनं, हेलिकॉप्टर यांच्या सोबत वर्षं काढलेल्यांच्या कानात ते राहतंच. म्हणजे तुमच्यासारखे कान वाजणारे आणि चष्मा खिशातून घेणारे किती असतील याचा विचार करा.

आता तुमच्या मित्राचं. त्याला खोटं सांगितलं गेलं नाही. त्याचं रेटिंग ० टक्के आहे, म्हणजे दुखणं नोकरीमुळे झालं हे मान्य आहे, पण त्याची भरपाई मिळत नाही. या दारातून जायला सहसा भरपाई चालू असावी लागते. पण त्यावरून तुम्ही जो निष्कर्ष काढलात तो चुकला. त्यालाही सांगा, की दारं अजून आहेत. युद्धकैदी राहिलेले, युद्धात जखमी झाल्याबद्दल पर्पल हार्ट पदक मिळालेले, व्हीएच्याच उपचारात इजा होऊन त्याबद्दल भरपाई घेणारे, अंथरुणाला खिळल्यामुळे किंवा रोज दुसऱ्याच्या मदतीची गरज असल्यामुळे वाढीव पेन्शन घेणारे, या सगळ्यांना चष्मा मिळतो. शिवाय ज्या आजाराचा इलाज व्हीएमध्ये चालू आहे त्यामुळे नजर बिघडली, मधुमेहाने, पक्षाघाताने, किंवा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर चष्मा लागला, तरी मिळतो. मित्राला साखर असेल आणि व्हीएत इलाज चालू असेल, तर त्याने पुन्हा विचारावं. आणि काहीच बसलं नाही, तरी व्हीएत नोंदणी असलेल्याची डोळ्यांची नेहमीची तपासणी, काचबिंदूच्या चाचणीसकट, तिथे होते. फक्त चष्म्याची काच आणि फ्रेम त्याची त्याला घ्यावी लागते.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे: पैसे खात्यात येतात, त्यापलीकडे संबंध नाही. इथेच पुष्कळ लोक अडकतात. व्हीएची दोन वेगळी खाती समजा. एक भरपाई देतं, दुसरं दवाखाने चालवतं. पहिल्यातून पैसे येतात म्हणून दुसऱ्यात तुमचं नाव आपोआप लागलेलं नसतं. तुमची आरोग्यसेवेची नोंदणी झालेलीच नसावी असं पत्रावरून दिसतं. ती आधी करा. त्याचा फॉर्म १०-१०ईझेड. इंटरनेटवर भरता येतो, फोनवरही भरता येतो. फोन ८७७-२२२-८३८७, सोमवार ते शुक्रवार, पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार सकाळी ८ ते रात्री ८. तुमच्या टेक्सासच्या घड्याळात ते एक तास आधी येईल. हाताशी डीडी-२१४, म्हणजे सैन्यातून सुटल्याचा कागद, ठेवा, सोशल सिक्युरिटी नंबर, आणि ट्रक कंपनीकडून आरोग्य विमा असेल तर त्याचं कार्ड. विम्याची माहिती लपवू नका. त्याने तुमचा हक्क कमी होत नाही. जे दुखणं नोकरीशी जोडलेलं नाही त्याच्या इलाजाचं बिल व्हीए त्या विमा कंपनीकडे पाठवते, एवढंच.

१० टक्के रेटिंगवर तुम्ही तिसऱ्या प्राधान्य गटात बसता. असे एकूण आठ गट आहेत. १० टक्के किंवा त्यावर रेटिंग असलेल्याला दवाखान्यात तपासणीला गेल्यावर फी भरावी लागत नाही. औषधांचं वेगळं आहे: कानाशी संबंध नसलेल्या दुखण्याची गोळी घेतलीत तर थोडे पैसे भरावे लागू शकतात.

आता मी वर जे गट म्हटलं, त्यावरून तुमच्या मनातल्या त्या दुसऱ्या गोष्टीकडे येते. ज्यांचे हातपाय गेले त्यांची सोय मी कशी घेऊ, असं तुम्ही लिहिलंत. भाऊ, हा विचार मनात येणं चांगल्या माणसाचं लक्षण आहे, पण हिशोब चुकलाय. ज्यांचं रेटिंग ५० टक्के किंवा त्याहून जास्त, ते पहिल्या गटात आहेत. ३० आणि ४० वाले दुसऱ्या गटात. तुमच्या आधी कोणाला उभं करायचं हे कायद्याने ठरवूनच ठेवलेलं आहे. तुम्ही तिसऱ्या ओळीत उभे राहिलात म्हणून पहिल्या ओळीतला कुणी मागे ढकलला जात नाही. तुमचे वडील महिन्याच्या महिन्याला पेन्शन आणायला बँकेत जातात, कॅन्टीनमधून सामान आणतात. ते कुणाचं घेतात असं कधी वाटलं का तुम्हाला? वर्षानुवर्षं बर्फात आणि उन्हात पहारा दिला, त्याची ती कमाई. मग तुमची कमाई तुम्हाला भीक का वाटावी?

आणि आता ज्या गोष्टीने मी पत्र दोनदा वाचलं ती. स्फोट. तुम्ही ते मधल्या वाक्यात घातलंत, जसं हवामान सांगावं तसं. काही दिवस डोकं जड होतं, कुणाला बोललो नाही. तेव्हापासून उन्हाचा त्रास. वाचताना अर्ध्या तासात डोकं ठणकतं.

डोकं दुखायचं कारण साधं असू शकतं. औषधाच्या दुकानातल्या तयार चष्म्यात दोन्ही काचा एकाच नंबरच्या असतात, आणि त्यांचे मध्यबिंदू एका ठराविक अंतरावर बसवलेले असतात. तुमचे दोन डोळे एकसारखे नसले, किंवा बुबुळांमधलं अंतर वेगळं असलं, तर डोळे दिवसभर ओढ घेत राहतात. असे डोळे मी हजारोंनी पाहिलेत. योग्य चष्मा लागला की आठ दिवसांत माणूस मोकळा होतो. पण स्फोटाच्या जवळ असलेल्या माणसाच्या बाबतीत मी एवढ्यावर थांबणार नाही. डोक्याला बसलेल्या हादऱ्याने दोन डोळे जवळच्या वस्तूवर एकत्र वळेनासे होऊ शकतात. अक्षरं सरकतात, ओळ चुकते, उजेड टोचतो. डोळ्यांच्या तक्त्यासमोर असा माणूस सगळी अक्षरं बरोबर वाचतो, म्हणून नुसता नंबर काढून ते कळत नाही. इराक आणि अफगाणिस्तानातून आलेल्यांना मेंदूच्या अशा इजेबद्दल विचारण्याची पद्धत व्हीएने २००७ पासून सुरू केली. तुम्ही दवाखान्यात पाऊलच टाकलं नाहीत, त्यामुळे तुम्हाला कुणी विचारलंच नाही.

तर पहिल्या भेटीत डॉक्टरांना सांगायचं: स्फोट कधी झाला, तुम्ही किती अंतरावर होता, शुद्ध हरपली होती का, त्यानंतरचे दिवस आठवतात का, आणि आज काय काय होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांना पुन्हा तेच सांगा, त्यांच्यापर्यंत कागद पोहोचला असेल असं धरून चालू नका. मराठीत आठवून इंग्रजीत सांगताना आपण सगळंच कमी करून सांगतो. थोडं दुखतं, कधी कधी होतं, असं आपल्या तोंडून येतं. आधी मराठीत एका कागदावर लिहून काढा, मग बोला. त्या हादऱ्याने नजरेवर परिणाम झाला असेल, तर चष्म्याच्या पलीकडचा इलाज आहे, डोळ्यांचे व्यायाम आहेत, खास काचा आहेत. आणि ते तुमच्या रेटिंगशीही जोडलं जाऊ शकतं.

रेटिंगचा विषय निघालाच आहे तर सावध करते. तुमच्यासारख्यांना फोन येतात, आम्ही तुमचं रेटिंग वाढवून देतो, वाढीव पैशातले इतके महिने आमचे. मान्यता नसलेल्या माणसाने दावा तयार करून देण्यासाठी पैसे घेणं कायद्यात बसत नाही. डिसेबल्ड अमेरिकन व्हेटरन्स, अमेरिकन लीजन, व्हीएफडब्ल्यू या माजी सैनिकांच्या संघटनांचे मान्यताप्राप्त लोक ते काम फुकट करून देतात. आणि कुणी म्हणालं की डोळ्यांच्या नंबरवरच दावा टाकू, तर त्याच्याकडे जाऊ नका. साधा नंबर, म्हणजे जवळचं किंवा लांबचं धूसर दिसणं, हा भरपाईच्या नियमांत इजा किंवा आजार धरलाच जात नाही. डोक्याच्या हादऱ्याचा दावा करायचा असेल तर आधी दावा करण्याचा इरादा कळवणारा कागद देऊन ठेवा. तो दिलात की पूर्ण दावा भरायला एक वर्ष मिळतं, आणि मंजूर झाल्यास पैसे सहसा त्या आधीच्या तारखेपासून धरले जातात.

पुन्हा चष्म्याकडे. नोंदणी झाली की डोळ्यांच्या तपासणीची वेळ मागा. डोळे आणि कान या दोन विभागांची वेळ पुष्कळ ठिकाणी प्रायमरी केअरच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय थेट मिळते, म्हणून तसं स्पष्ट विचारा. ज्या क्लिनिकमध्ये डोळ्यांचा विभाग आहे ते तुमच्या घरापासून सरासरी ६० मिनिटांहून जास्त लांब असेल, किंवा २८ दिवसांत वेळ मिळत नसेल, तर तुम्हाला जवळच्या खासगी डॉक्टरकडे पाठवता येतं. २०१८ च्या मिशन कायद्याने ही सोय झाली. त्याला कम्युनिटी केअर म्हणतात. तुम्ही मोठ्या शहरापासून लांब राहत असाल तर तुम्हाला ते लागू होऊ शकतं. पण दोन गोष्टी विसरू नका. आधी व्हीएची मंजुरी, मग डॉक्टर. आणि तपासणी बाहेर झाली तरी त्या दुकानातला चष्मा उचलून घरी यायचं नाही. नंबरचा कागद व्हीएकडे जातो आणि चष्मा व्हीए बनवून देते. मी काउंटरवर उभी असताना असे दोघे-तिघे पाहिलेत, आधी चष्मा घेतला आणि मग बिल व्हीएला पाठवायला निघाले. मंजुरीशिवाय घेतलेल्या चष्म्याचे पैसे परत मिळतील या भरवशावर राहू नका.

फोनवर किंवा काउंटरवर कुणी म्हणालं, की तुमचं रेटिंग डोळ्यांचं नाही म्हणून मिळणार नाही, तर भांडू नका आणि परतही फिरू नका. पाकिटातला कागद काढा, १७.१४९ दाखवा, आणि म्हणा, मला १० टक्क्यांची भरपाई मिळते, कृपया प्रोस्थेटिक्स (कृत्रिम अवयव आणि उपकरणांच्या) विभागाला विचारून सांगा. चष्मे त्याच विभागाच्या हाताखाली येतात. तरीही काम झालं नाही तर व्हीएच्या प्रत्येक मोठ्या हॉस्पिटलमध्ये पेशंट अ‍ॅडव्होकेट नावाचा माणूस बसतो. तक्रार ऐकून घेणं हेच त्याचं काम आहे.

तपासणीत तुमच्यासमोर काचांचं मोठं यंत्र येईल आणि डॉक्टर विचारत राहतील, हे चांगलं की हे? दोन्ही सारखंच दिसलं तर सारखंच म्हणा. आपल्या लोकांना वाटतं की उत्तर दिलंच पाहिजे, म्हणून काहीतरी सांगून टाकतात, आणि मग नंबर पाव-अर्धा इकडेतिकडे होतो. तुम्ही ट्रक चालवता हे आधीच सांगा. तुम्हाला लांबची पाटी दिसायला हवी, हातभर अंतरावरचा डॅशबोर्ड दिसायला हवा आणि मांडीवरचा कागदही. घरून निघण्याआधी ट्रकमध्ये बसून डोळ्यापासून डॅशबोर्डपर्यंतचं अंतर फुटपट्टीने मोजा आणि तो आकडा डॉक्टरांना द्या. वाचायचं अंतर म्हणून ते पुस्तक धरतात तेवढं अंतर गृहीत धरतात, आणि ड्रायव्हरला नेमकं मधलंच अंतर लागतं. प्रोग्रेसिव्ह की बायफोकल हे त्यावरून ठरवा. प्रोग्रेसिव्हमध्ये कडेने थोडं वाकडं दिसतं, आरशात बघायला मान वळवावी लागते. पहिले आठ दिवस घराजवळच चालवा.

फ्रेमचे प्रकार दुकानाइतके नसतात. ठरावीक ट्रेमधून निवडायची. नाकावर नीट बसणारी घ्या, काड्या कानामागे दाबणार नाहीत अशी. काळसर काचा किंवा चमक मारू न देणारा लेप हवा असेल तर उन्हाचा त्रास डॉक्टरांना सांगा. त्यांना वैद्यकीय गरज दिसली तर ते तसं लिहितात, नुसतं आवडलं म्हणून ते मिळायचं नाही. चष्मा बनून यायला काही आठवडे धरा, आणि पुष्कळदा तो टपालाने घरी येतो. टपालाने आलेला प्रोग्रेसिव्ह एकदा माणसाच्या चेहऱ्यावर बसवून घ्यावाच लागतो. वाचण्याचा भाग खाली-वर झाला तर चष्मा चांगला असूनही वाईट वाटतो, आणि लोक तो खणात टाकून पुन्हा दीडचा तयार चष्मा लावतात. तसं करू नका. क्लिनिकच्या चष्मा विभागात जाऊन काड्या आणि नाकाचे पॅड जुळवून घ्या.

मेडिकल कार्डाला तीन महिने आहेत. त्यासाठी डोळ्यांच्या तक्त्यावर प्रत्येक डोळ्याची नजर निदान २०/४० लागते, चष्म्यासह चालते. फॉर्म याच आठवड्यात भरलात तर वेळ पुरण्यासारखा आहे. तरी तपासणी झाल्याबरोबर नंबरची प्रत मागून घ्या. व्हीएच्या चष्म्याला उशीर झालाच तर त्या नंबरवर लांबचं दिसणारा एक स्वस्तातला साधा चष्मा बाहेरून करा आणि कार्डाचं काम उरका. एकाच नंबरच्या साध्या काचा प्रोग्रेसिव्हच्या मानाने पुष्कळ कमी पैशात होतात. रात्री पाट्या पुसट दिसत असताना रात्रीच्या फेऱ्या मात्र आतापासूनच टाळा. ते कार्डासाठी म्हणत नाही मी.

वहिनींचा चष्मा व्हीएमधून होणार नाही. ती सोय माजी सैनिकाची स्वतःची आहे. तुमच्या कंपनीच्या विम्यात डोळ्यांचा भाग घेता येतो का ते बघा.

तुमच्या वडिलांचंही इथे होणार नाही, व्हीए ही अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केलेल्यांसाठी आहे. पण त्यांना कमी काही नाही. भारतात माजी सैनिकांची ईसीएचएस ही आरोग्य योजना एप्रिल २००३ पासून आहे, साताऱ्यात तिचं पॉलिक्लिनिक आहे. १ जानेवारी १९९६ च्या आधी निवृत्त झालेल्यांना तिची वर्गणीही माफ आहे. त्यांचं कार्ड झालेलं असेल तर पॉलिक्लिनिकमधून चिठ्ठी घेऊन योजनेच्या यादीतल्या हॉस्पिटलमध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन तिथेच उरकून घ्या, आणि डोळा स्थिर होऊन नंबर निघाला की मग विमानात बसवा. पाहुणे म्हणून येणाऱ्यांसाठी जो विमा घेतात, तो आधीपासून असलेल्या दुखण्याला सहसा पैसे देत नाही. इथे ऑपरेशन करायची वेळ आली तर तुमच्या ४०० डॉलरच्या चष्म्याचा आकडा तुम्हाला छोटा वाटेल. दिवाळीनंतर येणार आहेत, म्हणजे त्यांना आजच फोन करा.

वयस्कर वाचकांपैकी ज्यांची नजर चष्म्यानेही सुधारत नाही, त्यांच्यासाठी एक ओळ इथेच लिहिते. व्हीएमध्ये अंध आणि अधू नजरेच्या माजी सैनिकांसाठी वेगळी व्यवस्था आहे. तिचं पहिलं केंद्र १९४८ मध्ये शिकागोजवळच्या हाइन्स हॉस्पिटलमध्ये सुरू झालं, दुसऱ्या महायुद्धात डोळे गमावून आलेल्यांसाठी. तिथे काठी घेऊन चालण्यापासून स्वयंपाक करण्यापर्यंत सगळं शिकवतात. आपल्या हॉस्पिटलमध्ये व्हिस्ट कोऑर्डिनेटर, म्हणजे अधू नजरेच्या माजी सैनिकांची व्यवस्था बघणारा माणूस, कोण आहे असं विचारायचं.

भाऊ, तपासणीच्या दिवशी बाहुल्या मोठ्या करायला डोळ्यांत थेंब घालतील. त्यानंतर काही तास जवळचं दिसत नाही आणि ऊन तर सहनच होत नाही, तुम्हाला इतरांपेक्षा जास्तच होईल. काळा चष्मा बरोबर ठेवा आणि स्वतः गाडी चालवत जाऊ नका. वहिनींना घेऊन जा, येताना गाडी त्याच चालवतील. आणि स्फोटाचं सांगायची वेळ येईल तेव्हा त्यांना बाहेर बसवू नका, खोलीत बरोबर असू द्या. मला लिहिलंत, पण त्यांना आजवर सांगितलं नसावं असं मला पत्रावरून वाटतं.

— तुमची ताई